रीडिंग न जुळण्याचा हक्क

अकरावी-बारावीला विज्ञान शाखेत गेलेल्या कुणालाही ‘रीडिंग जुळवणं’ म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. साधा दोलक टांगायचा, वीस दोलनांना किती सेकंद लागले ते स्टॉपवॉचवर पाहायचं, दोऱ्याची लांबी बदलत हेच पाच-सहा वेळा करायचं आणि शेवटी गुरुत्वीय त्वरण काढायचं, एवढा तो प्रयोग. उत्तर ९.८ च्या आसपास यायला हवं हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. म्हणून पुष्कळदा ९.८ वरून उलटं गणित करून कोष्टक भरलं जातं, किंवा गेल्या वर्षीच्या कुणाच्या तरी जर्नलमधले आकडे थोडे मागेपुढे करून उतरवले जातात. खरं वाटावं म्हणून दशांशचिन्हापुढचा एखादा अंक मुद्दाम वेगळा ठेवतात. जर्नलवर सही होते, प्रयोग ‘पूर्ण’ होतो, गुणही मिळतात.

मुलांना विज्ञानात रस का वाटत नाही, याची चर्चा आपल्याकडे वरचेवर होते. विषय अवघड आहे, मोबाइलने लक्ष विचलित होतं, प्रयोगशाळा नाहीत, शिक्षक रटाळ शिकवतात, अशी कारणं त्यात पुढे येतात. यातलं प्रत्येक कारण कुठे ना कुठे खरंही असेल. पण माझ्या मते मूळ दुखणं त्या कोष्टकात आहे. मुलाचा स्वतःचा अनुभव आणि पुस्तकातलं उत्तर यांच्यात जिथे अंतर पडतं, तिथेच विज्ञान सुरू होतं. आपण मात्र नेमकी तीच जागा मुलांकडून बुजवून घेतो. मग तिथे रस उगवला नाही याचं आश्चर्य कसलं?

दोलकाचंच पाहू. एखाद्या मुलीने दोलक सोडतानाच ‘एक’ म्हणून मोजायला सुरुवात केली, तर वीस म्हणेपर्यंत प्रत्यक्षात एकोणीसच दोलनं होतात. एवढ्या चुकीने उत्तर ९.८ ऐवजी जवळपास १०.९ येतं. दुसऱ्या एखाद्या मुलाने लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायच्या ऐवजी दोऱ्याच्या गाठीपर्यंतच मोजली आणि मीटरभर लांबीत एक सेंटिमीटर सुटला, तर उत्तर ९.७ येतं. पण त्याने लांबी आणि दोलनकालाचा वर्ग यांचा आलेख काढला, तर मोठी सुंदर गोष्ट दिसते. रेषेचा चढ बरोबर येतो, फक्त ती आरंभबिंदूतून जात नाही, जराशी बाजूने जाते. ते बाजूचं अंतर म्हणजेच मोजायचा राहिलेला सेंटिमीटर. चूक स्वतःच आपला पत्ता सांगते. ज्या मुलाला एकदा हे दिसलं, त्याला आलेख कशासाठी काढतात हे पुन्हा सांगावं लागणार नाही. आकडे जुळवून लिहिणाऱ्याची रेषा मात्र आरंभबिंदूतून बिनचूक जाते आणि त्याला काहीही शिकवत नाही.

रस वाढवण्याचे जे उपाय आपण करतो, त्यांतले बहुतेक या जागेकडे वळूनही पाहत नाहीत. एक उपाय बक्षिसांचा, दुसरा गमतीचा.

बक्षिसांविषयी मानसशास्त्राने पन्नास वर्षांपूर्वीच सावध केलं होतं. १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. रंगीत पेनांनी चित्रं काढायला मनापासून आवडणारी मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना चित्र काढून झाल्यावर ते अचानक दिलं, तर काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी तीच पेनं वर्गात नुसती ठेवून दिली, तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर चित्रं काढलेली मुलं इतरांच्या मानाने सुमारे निम्माच वेळ त्यांच्याशी रमली. पुढे एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी हा धागा वाढवला. त्यांच्या मांडणीनुसार माणसाची आतली ओढ तीन गोष्टींवर तगते: हे मी माझ्या मर्जीने करतो आहे, हे मला जमतं आहे आणि इथे मी कुणाचा तरी आहे. बक्षिसाचं आमिष यातल्या पहिल्या भावनेलाच धक्का लावतं. मूल मग काम कुणासाठी तरी करू लागतं.

याचा अर्थ कौतुक करू नये असा मुळीच नाही. ‘तुझा आलेख आरंभबिंदूतून जात नाही, हे तुझ्या लक्षात आलं, छान’ या वाक्याने ओढ वाढते, कारण त्यातून मुलाला आपल्या कामाविषयी काहीतरी कळतं. कंटाळवाण्या पण आवश्यक कामासाठी, उदाहरणार्थ संज्ञा पाठ करायला, छोटं आमिषही चालून जातं. प्रश्न येतो तो सगळा विषयच आमिषावर उभा केला की. मुंबईत सुरू झालेली सहावी आणि नववीसाठीची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा पाहा. लेखी परीक्षेबरोबर प्रात्यक्षिक, मुलाखत आणि कृती संशोधन प्रकल्प अशी तिची रचना आहे. मुलाने स्वतः काही करून पाहावं हा हेतू तिच्यात उघड दिसतो. पण आज त्या स्पर्धेच्या तयारीचे क्लास निघाले आहेत, सरावसंच विकले जातात. हा दोष स्पर्धेच्या आखणीचा नाही. पदक हेच ध्येय ठरलं की चांगल्यातली चांगली रचनाही आपण पाठांतराच्या घाण्याला जुंपतो.

दुसरा उपाय गमतीचा. २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन येतो. रंगीत द्रव फेसाळतात, व्हिनेगर-सोड्याचा ज्वालामुखी उसळतो, मुलं टाळ्या वाजवतात. यात वाईट काही नाही, पण हा उत्साह दुसऱ्या दिवशी कुठे जातो हे पाहायला हवं. सुझॅन हिडी आणि अ‍ॅन रेनिंगर यांनी २००६ मध्ये रस कसा वाढतो याचे चार टप्पे मांडले. पहिल्या टप्प्यात प्रसंगाने चाळवलेलं कुतूहल असतं, मग ते प्रसंगाच्या आधाराने टिकून राहतं, मग स्वतःची आवड अंकुरते आणि अखेर ती पक्की होते. आपले कार्यक्रम पहिल्या टप्प्यावर सुरू होऊन तिथेच संपतात. मुलाने ‘असं का झालं?’ विचारेपर्यंत टेबल आवरलेलं असतं.

शिवाय गुंतणं आणि मजा येणं यांत फरक आहे. हार्वर्डमध्ये लुई डेलोरिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास या बाबतीत फार बोलका आहे. काहींना ओघवतं, नीटनेटकं व्याख्यान मिळालं. काहींना तोच भाग गटांत स्वतः प्रश्न सोडवत, अडखळत शिकावा लागला. आपण किती शिकलो असं वाटतं, असं विचारल्यावर व्याख्यान ऐकणाऱ्यांना आपण जास्त शिकलो असं वाटलं. परीक्षेत मात्र अडखळत शिकणाऱ्यांना जास्त आलं. ओघवतं समजावून सांगणारा व्हिडिओ पाहून ‘सगळं कळलं’ असं वाटणं किती फसवं असतं, हे यातून कळतं. खोलवर गुंतलेलं मूल हसतमुखच दिसेल असं नाही. पुष्कळदा ते कपाळाला आठ्या घालून बसलेलं दिसेल.

मग खरं गुंतणं कसं दिसतं? पुण्याच्या आसपास कुठल्याही शाळेच्या पटांगणात करता येईल असा एक प्रयोग घेऊ. मीटरभर लांबीची सरळ काठी ओळंब्याने उभी रोवायची आणि अकराच्या आधीपासून दोनपर्यंत तिच्या सावलीच्या टोकाशी थोड्या थोड्या वेळाने खुणा करायच्या. प्रश्न एवढाच, की सावली सर्वांत आखूड किती वाजता होते? वर्ग एका सुरात ‘बारा वाजता’ म्हणेल, कारण ‘भर दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो’ हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण नोव्हेंबरात हे करून पाहिलं तर बारा वाजून गेले तरी सावली आखूडच होत राहते. नेमकी कधी थांबते, यावरून भांडण लागतं. एक गट सव्वाबारा म्हणतो, दुसरा साडेबारा. दोघांचंही फारसं चुकत नाही, कारण मध्यान्हीच्या आसपासच्या अर्ध्या तासात सावलीची लांबी जेमतेम एखादा सेंटिमीटर बदलते आणि तिचं टोकही धूसर असतं.

शिक्षकाची खरी गरज इथे लागते. काठीभोवती वर्तुळ काढा, सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला कधी टेकतं ते पाहा, दुपारी पुन्हा कधी टेकतं ते पाहा आणि दोन्ही वेळांचा मध्य काढा, असं ते सांगतात. शंकू रोवून वर्तुळावरच्या अशा खुणांवरून दिशा ठरवण्याची रीत आपल्या शुल्बसूत्रांत आहे. समजा, सावली ११ वाजून ४ मिनिटांनी आणि १ वाजून ३४ मिनिटांनी वर्तुळाला टेकली. मध्य येतो १२ वाजून १९ मिनिटं. भांडण मिटतं आणि खरा प्रश्न उभा राहतो: १२ का नाहीत?

आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे आणि पुणे ७३.९ अंशांच्या जवळ आहे. दर अंशाला चार मिनिटं धरली तर सूर्य पुण्याच्या मध्यान्हीला सुमारे ३५ मिनिटं उशिरा यायला हवा. भूगोलाच्या पुस्तकातलं रेखांश आणि स्थानिक वेळेचं कंटाळवाणं उदाहरण इथे एकदम कामाला येतं. पण हिशोबाने १२ वाजून ३५ मिनिटं यायला हवी होती, मोजणीत आली १२ वाजून १९. सोळा मिनिटं गेली कुठे? आणि वर्गाने चिकाटीने फेब्रुवारीच्या मध्यावर पुन्हा मोजलं, तर उत्तर १२ वाजून ४९ मिनिटांच्या आसपास येतं. तेच पटांगण, तीच काठी, तेच वर्तुळ आणि अर्ध्या तासाचा फरक! पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे, या दोन गोष्टी मिळून हा फरक घडवतात. दोन्ही वाक्यं पाठ्यपुस्तकात आहेत आणि मुलांनी ती परीक्षेत लिहिलेलीही असतात. पण त्यांची गरज मुलांना पहिल्यांदा इथे भासते, कारण आता त्यांच्याकडे स्वतःचा, न जुळणारा आकडा असतो.

डेसी आणि रायन यांनी सांगितलेल्या तिन्ही गोष्टी या पटांगणात आहेत. प्रश्न मुलांचा आहे, रीत हाताला जमण्यासारखी आहे आणि भांडायला चार सवंगडी आहेत. खर्च जवळपास शून्य आहे. यात एकच गोष्ट अशी आहे जी आपल्या शाळांत सहसा नसते. उत्तर आधी सांगून टाकलेलं नाही.

मुलाच्या प्रश्नाचं पुढे काय होतं, हे बऱ्याचदा समोरच्या मोठ्या माणसावर ठरतं. सलीम अली दहा-बारा वर्षांचे असताना त्यांनी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्याशी पिवळा डाग दिसला, म्हणून ती ओळखून घ्यायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तिथले सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी ती पिवळ्या गळ्याची चिमणी असल्याचं सांगितलं आणि एवढ्यावर मुलाला वाटेला लावलं नाही. सोसायटीत जपून ठेवलेले पक्ष्यांचे नमुने त्याला दाखवले, वाचायला पुस्तकं दिली, पक्षी जतन करायला शिकण्याची सोय करून दिली. मिलार्ड यांनी मुलाला बक्षीस दिलं नाही की त्याचं मनोरंजन केलं नाही. त्याचा प्रश्न खऱ्या अभ्यासकाच्या प्रश्नाइतकाच गांभीर्याने घेतला. एका मोठ्या माणसाने दिलेल्या त्या वेळातून भारतातल्या पक्षिशास्त्राचा केवढा विस्तार झाला!

‘हे सगळं निवडक मुलांना ठीक आहे, सरकारी शाळांत कसं जमणार?’ ही शंका रास्त आहे. तिचं उत्तर आपल्या शेजारच्या राज्यात तीस वर्षं उभं होतं. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रुरल सेंटर या दोन संस्थांनी सोळा शाळांत सहावी ते आठवीसाठी विज्ञान शिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू केला. १९७८ मध्ये तो जिल्हाभर गेला, १९८२ पासून ‘एकलव्य’ या संस्थेने तो पुढे नेला आणि हळूहळू इतर जिल्ह्यांतही पसरवला. ‘बाल वैज्ञानिक’ या त्यांच्या पुस्तकांत प्रयोग होते, प्रश्न होते, पण उत्तरं छापलेली नव्हती. मुलं चार-चारच्या टोळीने प्रयोग करून आपली निरीक्षणं लिहीत. परीक्षेला पुस्तक आणि वही उघडी ठेवायची मुभा होती, शिवाय प्रात्यक्षिकाची वेगळी परीक्षा होती. शिक्षकांच्या दरमहा बैठका होत आणि वर्गातल्या अडचणी तिथे मांडल्या जात. मुलं ‘सवालीराम’ नावाच्या कल्पित पात्राला पत्रं लिहून मनात येईल ते विचारत आणि त्यांना उत्तरं जात. पुण्यातल्या आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेमुळे महाराष्ट्राला परिचित झालेले अरविंद गुप्ता १९७० च्या दशकाअखेरीस याच कार्यक्रमात जाऊन आले आणि त्यांच्या टाकाऊतून खेळणी बनवण्याच्या कामाची सुरुवात तिथेच झाली.

२००२ मध्ये राज्य सरकारने हा कार्यक्रम बंद केला. त्याच्या मर्यादांवर चर्चा होऊ शकते, व्हायलाही हवी. पण साध्या खेडेगावांतल्या सरकारी शाळांत, नेहमीच्याच शिक्षकांकडून तो तीन दशकं चालला, ही वस्तुस्थिती आहे. ‘आपल्याकडे हे शक्यच नाही’ हे वाक्य त्यानंतर कुणी सहज उच्चारू नये.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. पॉल किर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क यांनी २००६ मध्ये ठामपणे मांडलं, की नवशिक्या मुलांना फारसं मार्गदर्शन न करता ‘शोधा तुमचं तुम्हीच’ म्हणून सोडणं फसतं. एकाच वेळी खूप गोष्टी सांभाळताना त्यांची बुद्धी थकते आणि हाती थोडंच लागतं. मला हे पटतं. सावलीच्या प्रयोगात वर्तुळाची युक्ती शिक्षकांनी सांगितली नसती, तर मुलं सव्वाबारा की साडेबारा या वादातच अडकून पडली असती. प्रश्नावरचा हक्क मुलाचा असावा, पण उत्तराकडे नेणारी रीत शिकवणं हे शिक्षकाचं काम आहे आणि ते कौशल्याचं काम आहे. पाठांतरही लागतं. रेखांशाचा हिशोब तोंडी येत नसेल, तर ती सोळा मिनिटं हरवल्याचं कुणाच्या ध्यानातच येणार नाही. ज्ञान आणि कुतूहल यांना एकमेकांविरुद्ध उभं करणारे दोन्ही पक्ष इथे चुकतात.

तिसरा आक्षेप पालकांचा आहे, आणि तो मी हलक्याने घेत नाही. जेईई आणि नीट समोर दिसत असताना सावल्या मोजायला वेळ कुठून आणायचा? ज्या घरात एका मुलाच्या प्रवेशावर सगळ्यांचं भवितव्य टांगलेलं असतं, त्या घराला कुतूहलाचे धडे देणं सोपं आहे. प्रवेश परीक्षेसाठी सराव लागतो, तो करावाच. पण आता ‘फाउंडेशन’च्या नावाखाली ती शर्यत सहावी-सातवीपर्यंत खाली आली आहे. प्रश्न विचारण्याची सवय ज्या वयात लागते, तेच वय आपण त्या शर्यतीला देऊन टाकतो. यशपाल समितीने १९९३ मध्येच सांगितलं होतं, की दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचं ओझं जड असतं. दप्तर हलकं करण्याची परिपत्रकं आपण काढली. दुसऱ्या ओझ्याचं काय?

आणि प्रश्न फक्त आवडीचाही नाही. आकडे जुळवायची सवय शाळेत लागली की ती तिथेच राहत नाही. हीच मुलं पुढे औषधांच्या चाचण्या घेतात, पुलाच्या काँक्रीटचे नमुने तपासतात, नदीच्या पाण्याचे अहवाल लिहितात. अपेक्षित आकडा आणि आलेला आकडा यांत निवड करायची वेळ आली की आपल्याला काय करायला शिकवलं गेलं होतं, हे त्यांच्या हाताला आठवतं. म्हणून ही गोष्ट आवडीइतकीच प्रामाणिकपणाची आहे.

करता येण्यासारखं खूप आहे. दहावीला विज्ञानाच्या १०० गुणांपैकी २० गुण प्रात्यक्षिकाचे असतात आणि ते शाळेतच दिले जातात. त्यातले निम्मे उत्तर बरोबर आल्याबद्दल न देता, आलेल्या उत्तराचं कारण सांगितल्याबद्दल द्यावेत. १०.९ लिहून ‘मी मोजणी एकपासून सुरू केली होती’ असं सांगणारी मुलगी ९.८ लिहिणाऱ्या मुलापेक्षा जास्त गुणांची मानकरी आहे. लेखी परीक्षेत एक प्रश्न असा असावा, की न पाहिलेल्या प्रयोगाचं कोष्टक द्यावं आणि त्यातून काय दिसतं ते विचारावं. गाईडमध्ये आणि अपेक्षित प्रश्नसंचात त्याचं तयार उत्तर मिळणार नाही. शिक्षकांना निवडणुकीच्या आणि माहिती भरण्याच्या कामातून सोडवून महिन्यातून एकदा एकमेकांशी वर्गातल्या अडचणींवर बोलायला वेळ द्यावा. आणि वेळापत्रकात आठवड्याला एक तासिका अशी असावी, जिच्यातल्या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी शिक्षकांनी आधी सांगायचं नाही.

मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून काम करते आहे. आकाशदर्शन मंडळं आहेत, मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, गावोगाव प्रयोगांच्या गाड्या घेऊन फिरणारी मंडळी आहेत. त्यांच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण हे जवळजवळ सगळं शाळेच्या नेमाच्या कामाबाहेर घडतं. ते ज्या मुलांपर्यंत पोचतं, त्यांच्या घरी कुणाला तरी ते माहीत असतं, किंवा त्या दिवशी गाडी त्यांच्या गावात आलेली असते. गडचिरोलीतल्या आश्रमशाळेतल्या मुलीलाही सावली मोजायचा, चुकायचा आणि ‘असं का?’ विचारायचा तितकाच हक्क आहे. तो तिला एखाद्या उपक्रमाच्या कृपेने मिळता कामा नये. तो वेळापत्रकात छापलेला हवा आणि गुणपत्रिकेत मोजलेला हवा. आपण खरोखर कशाला किंमत देतो, हे मुलं भाषणांवरून ओळखत नाहीत. वेळ कशाला दिला आणि गुण कशाला दिले, यावरून ती ते ओळखतात.